वीणा खाली ठेवायची नाही

१० मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठमोठे गिटार बनवणारे रोज काय काम केलं ते लिहून ठेवतात, असं एका व्हिडिओत सांगितलं. मीही लिहिणार. फक्त कामाचं. घरचं काही लिहायचं नाही.

उज्ज्वला माहेरी धनजला गेली आहे. आरामासाठी. मीच म्हटलं जा. म्हणजे तिनं बॅग भरून रिक्षा बोलावल्यावर म्हटलं.

हे दुकान वडिलांचं. ते रुखवताचे दिवाण आणि कपाटं करायचे. कारंज्याकडच्या या मालेगावात निम्म्या घरांत अजून आमचेच दिवाण आहेत. मी बोर्ड बदलला. 'रविकांत तंतुवाद्य: निर्मिती व दुरुस्ती'. या कामाला हात लागतो, पण त्याहून जास्त शांत डोकं लागतं. माझं डोकं मुळातच शांत. म्हणूनच या लाइनमध्ये आलो.

आज पहिल्या गिटारच्या बाजू वाकवल्या. लाकडाची पातळ फळी ओली करायची आणि गरम पाइपवर हळूहळू दाबायची. दाबली. पहिली तुटली. दुसरीही तुटली. तिसरी तुटायच्या आधी मीच गुडघ्यावर घेऊन तोडली. उगाच तिची वाट पाहण्यात वेळ गेला असता.

१२ मार्च, बुधवार

रंधा भिंतीला लागला. भिंतीपलीकडे हरीओमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिकडे त्याचं कॅलेंडर पडलं. लगेच आला विचारायला. मी शांतपणे समजावलं, की रंध्याची पात बोथट झाली होती, बोथट पात लाकडाला ओरबाडते, आणि लाकडाला ओरबाडलेलं मला बघवत नाही. त्याचं म्हणणं, पात बोथट होती तर दगडावर घासायची, भिंतीवर काहून घासली.

या गावाला कलेतलं काही कळत नाही.

संकल्प: राग आला की दहापर्यंत मोजायचं. तसा मला येत नाही, पण आलाच तर.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

सगळं गाव रंगात, मी कामात. गाल लाल झाला, पण तो तारेनं.

गिटार कशीबशी जोडली होती. तार चढवत होतो. आवाज दबका येत होता म्हणून आणखी पीळ दिला. तरी दबकाच. आणखी दिला. पाचपर्यंत मोजून झालं होतं. तार तुटली आणि सपकन गालावर बसली. आधी हात तिनं उचलला, हे नोंदवून ठेवतो. मग मी गिटार उचलली, ती फक्त बाजूला ठेवायला. बाजूला भिंत होती.

गालातून रक्त येत होतं आणि रस्त्यावरचे लोक हसून हात करत होते. त्यांना रंग वाटला. मीही हात केला.

१६ मार्च, रविवार

धनजला गेलो. उज्ज्वलाचा आराम पुरेसा झाला असं माझं मत.

सासूबाईंनी चहा दिला. उज्ज्वला आतच होती. माझा मेहुणा राजू दारात उभा राहिला. तो ट्रॅक्टर चालवतो आणि तसाच बोलतो. म्हणाला, ताई येणार नाही. मी म्हटलं हा नवरा-बायकोतला विषय आहे. चर्चा थोडी वाढली. बोलताना माझे हात जरा मोठे हलतात, ती माझी पद्धत आहे. भिंतीवर खुंटीला सप्ताहाची वीणा होती. ती हाताला लागली. हातातच आली. मग राजूच्या खांद्याला लागली.

दांडीचे दोन तुकडे. भोपळ्याला वरपासून खालपर्यंत तडा.

राजूनं मला दोन ठेवून दिल्या. मी त्या मुकाट्यानं ठेवून घेतल्या. म्हणजे एक परत केली. तो माझी मान धरून जमिनीकडे नेत असताना सासरे उठले. जगदेव माळकरी माणूस, आवाज कधी चढत नाही. त्यांनी तुकडे गोळा करून धोतराच्या सोग्यानं पुसले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"जवाईबापू, ही वीना माह्या बापानं धरली हाये. सप्त्याच्या आंधी नीट करून आना. मंग बाकीचं पाहू."

बाकीचं म्हणजे उज्ज्वला. म्हणजे वीणा द्यायची आणि बायको आणायची. सरळ बोलणं झालं. नाकातून रक्त येत होतं तरी मला एसटीत बरं वाटत होतं.

१७ मार्च, सोमवार

कामाचा विचार.

हनुमान जयंतीला धनजचा सप्ताह संपतो. तोवर सात दिवस, रात्रंदिवस, देवळात ही वीणा कोणाच्या ना कोणाच्या हातात उभी असते. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या हातात देतो. ती एकदा उभी राहिली की काल्यापर्यंत भुईला टेकवायची नाही आणि बदलायचीही नाही. तार अधूनमधून छेडायची, एवढंच वाजवणं.

म्हणजे ही वीणा वाजायची नसून टिकायची आहे. हे आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? जुनी दांडी पोकळ, भोपळा कागदासारखा. हात लागला की तुटते. खरं तर चूक वीणेची होती.

मी अशी करून देणार की राजू डोक्यावर घेऊन नाचला तरी तिला काही होणार नाही.

२० मार्च, गुरुवार

भोपळा चिकटवायला घेतला. सरस लावून दोन्ही भाग शिकंज्यात धरले आणि शिकंजा आवळला. फट दिसत होती म्हणून आणखी आवळला. फट हट्टी होती. मीही होतो. भोपळ्याचा भुगा झाला, एक फाक उडून डोळ्याखाली लागली. भुग्यावर पाय दिला, कारण तो तसाही झाडून टाकायचाच होता.

आता भोपळ्याच्या जागी बाभळीचा ओंडका कोरणार. बाभूळ बैलगाडीला चालते, वीणेला का नाही चालणार?

२१ मार्च, शुक्रवार

ओंडका कोरताना पटाशी सटकली आणि तळहातात गेली. मी त्याच ओंडक्यात कुऱ्हाड घातली. कुऱ्हाड अडकली. ती काढायला ओंडका भुईवर आपटला, तो पायावर आला. मग त्याला घणानं मारलं. एकूण चांगला दिवस. खोलगट भाग बराचसा तयार झाला.

टाके घालताना कंपाउंडरनं विचारलं कोणाशी भांडले? म्हटलं वाद्य बनवतो. त्यानं सुई तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

२३ मार्च, रविवार

बादल आला होता. हा तांड्यावरचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याच्या गिटारची मान वाकली म्हणून माझ्याकडे दिली होती. मानेच्या आत लोखंडी सळी असते, ती पान्यानं अगदी किंचित फिरवायची, मान सरळ होते. मी फिरवली. मान सरळ होईना. माझी मात्र सटकली. अंगावर येऊन फिरवली. मान सरळ झाली आणि निघून आली.

ग्राहक भावनिक झाला. लग्नसराईचा सीझन, त्याच्या हातात गिटारची नुसती पेटी. ती त्यानं माझ्या डोक्यात घातली. पेटीचा आवाज भरदार आला, म्हणजे आतला जोड मी बरोबर बसवला होता. हे सांगायला गेलो तर त्यानं परत घातली. मग आम्ही भुशात लोळलो. मी त्याचा कान चावला असं तो म्हणतो. हरीओम सोडवायला मध्ये पडला. त्यालाही एक बसली, कोणाची ते नक्की सांगता येणार नाही.

संकल्प: दहापर्यंत मोजणं कामाला येत नाही. वीसपर्यंत मोजायचं.

२६ मार्च, बुधवार

धनजला फोन लावला. सासूबाईंनी उचलला. मी विचारलं उज्ज्वला कशी आहे. म्हणाल्या, आता दोन भाकरी खाते, आणि भांडं पडलं तरी झोपेतून दचकत नाही. ऐकून समाधान वाटलं. माहेरची हवा मानवली. ताजीतवानी होऊन येईल. पाडव्याला पाठवता का विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला. रेंजचा प्रॉब्लेम असेल.

मोबाइल टेबलावरून पडला. नंतर टेबलही पडलं.

लोक काहीबाही बोलतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो. घरात टीव्ही फुटला, तो जुना होता. मिक्सर फुटला, त्याचा आवाज फार होता. आरसा जानेवारीत फुटला, त्याला कारण आठवत नाही. पण उज्ज्वलाच्या अंगाला मी आजवर बोट लावलेलं नाही. एकदाही नाही. असा नवरा या तालुक्यात दाखवा.

३० मार्च, रविवार. पाडवा

वीणा तयार!

दांडी वडिलांच्या वेळच्या दिवाणाच्या सागवानी पायाची. आत गिटारसारखी सळी घातली, पण गिटारची सळी बारीक असते म्हणून बांधकामाची घातली. खाली बाभळीची पेटी. लाकडी खुंट्या सरकतात, त्या काढून लोखंडी चाव्या बसवल्या. वर काळं पॉलिश. तार छेडली. आवाज आला. म्हणजे कान लावल्यावर आला.

हरीओमनं उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. म्हणाला, "रवीभाऊ, हे धराची कोनं? त्या मानसाचं काही चुकलं हाये का?" मी म्हटलं श्रद्धेला वजन कळत नसतं. तो हसायला लागला. मी मोजायला सुरुवात केली. चारच्या आसपास त्याचा चहाचा ग्लास फुटला.

३ एप्रिल, गुरुवार

वीणा पोचवली. राजू शेतात होता, देवाची कृपा.

सासऱ्यांनी वीणा दोन्ही हातांनी घेतली. त्यांचे खांदे जरा खाली गेले. मग म्हणाले जड झाली. मी म्हटलं मजबूत झाली. त्यांनी विचारलं, जुना भोपळा कुठं आहे. मी म्हटलं तो उपचारादरम्यान गेला. त्यांना विनोद कळला नाही.

सप्ताह रविवारी बसतो, दुसरी वीणा आणायला वेळ नाही. तेव्हा हीच. मी आतल्या खोलीकडे पाहत म्हटलं, मग बाकीचं? म्हणाले काला होऊ द्या. आतून चहाचा कप पुढे करणारा उज्ज्वलाचा हात दिसला. बांगड्या नवीन होत्या. कप ठेवून हात लगेच मागं गेला.

माझ्यासाठी बांगड्या घातल्या असतील. दुसरं काय कारण असणार?

६ एप्रिल, रविवार

तिकडे सप्ताह बसला असेल. इकडे मी घर लावायला घेतलं. नवा आरसा आणला. मोठा, तिला पदर नीट दिसावा असा. भिंतीत खिळा ठोकला, तो वाकला. दुसरा वाकला. तिसरा शिवी देत ठोकला तर तो भिंतीतून प्लास्टरची ढलपी घेऊन बाहेर आला. हातोडी फेकली, ती लांब फेकली होती. खोली लहान आहे त्याला मी काय करू?

उद्या दुसरा आरसा आणतो.

८ एप्रिल, मंगळवार

दुकानासमोर राजूची मोटरसायकल. उतरल्याउतरल्या त्यानं बोर्डाला लाथ घातली.

बातमी अशी: वीणेचा पट्टा पहिल्याच दिवशी तुटला. तेव्हा ती देवमनकाकांच्या गळ्यात होती. म्हातारा पंच्याहत्तरीचा. वीणा भुईला टेकू नये म्हणून त्यांनी खाली स्वतःचा पाय घातला. वीणा टेकली नाही. पायाचा अंगठा गेला. नवा पट्टा लावला, तोही तुटला. तेव्हापासून दोन्ही हातांनी कवटाळून धरावी लागते. एक माणूस पाठीत उसण भरून घरी पडला आहे, एकाला पहाऱ्यावरच चक्कर आली. उभी राहिलेली वीणा बदलता येत नाही. उरलेले पहारे सासरे आणि राजू मिळून काढताहेत. सासऱ्यांचा खांदा सुजून कानाला लागला आहे.

मी म्हटलं, पण तुटली नाही ना?

राजूनं माझी कॉलर धरली. "चाल. तुही वीना आता तूच धर."

मी पटाशी हातात घेतली, फक्त हातात. त्यानं मनगट पिरगळलं. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. त्यानं मला लाकडाच्या ढिगावर आपटलं आणि तसाच उचलून गाडीवर बसवलं. रस्त्यानं मी त्याच्या पाठीत दोन-तीन घातल्या, पण गाडी तोच चालवत होता म्हणून बेतानं.

तसंही मला धनजला जायचंच होतं.

९ एप्रिल, बुधवार

सगळं लिहितो. वही खिशातच राहिली होती.

आज दुपारचा पहारा मला दिला. अंघोळ घातली, टिळा लावला, गळ्यात माळ घातली. सासऱ्यांनी वीणा माझ्या हातात देताना हळूच सांगितलं, की पहाऱ्यावर रामकृष्णहरीशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, बसायचं नाही, टेकायचं नाही. आणि वीणा खाली ठेवायची नाही.

पहिल्यांदा वाटलं, एवढं काय. मग सळी बोलायला लागली. बाभूळ पोटात रुतली. टाक्यांच्या जागी चावी टोचत होती, जखम उघडली आणि दांडीवरून रक्ताचा ओघळ खाली आला. वीणेला शिव्या द्यायच्या होत्या. रामकृष्णहरी म्हणालो. लोक येत होते आणि वीणेच्या पाया पडत होते. वीणा माझ्याकडे, म्हणून माझ्याच पाया पडल्यासारखं दिसत होतं. देवमनकाका पट्टी बांधलेला पाय ओढत आले आणि तेही पडले. मला त्यांच्याकडे बघता येईना, म्हणून वर बघितलं.

भर उन्हात देऊळ रिकामं झालं. कोपऱ्यात फक्त सासूबाई वाती वळत होत्या. तेव्हा उज्ज्वला आली.

डोक्यावर पदर. वाकून नमस्कार केला. माझ्या मनात आलं, जमलं. वीणा दिली, बायको मिळाली. ती उठली आणि माझ्यासमोर उभी राहिली. इतक्या जवळ आणि इतकी ताठ ती कित्येक वर्षांत उभी राहिली नव्हती. मी हसलो. घाम डोळ्यात जात होता. तिनं पदराचं टोक उचललं, मला वाटलं पुसेल. तिनं स्वतःचं तोंड पुसलं.

मग बोलली. हळू आवाजात, एकदाही न थांबता.

"तुमचे दोनी हात गुतले हायेत, म्हनून आली. नाही तं आली नसती. तुमी मले कधी मारलं नाही म्हनता, ते खरं हाये. टीव्ही फोडला तवा मी त्याच्या बाजूले उभी होती. मिक्सर फेकला तो माह्या कानाजवळून गेला. आरसा फोडला तवा मी त्याच्यातच पाहून राह्यली होती. घरातलं एकेक सामान संपत गेलं, अन् मी मोजत गेली, का माह्या आंधी आता काय उरलं. एक कपाट उरलं होतं. म्हनून निंघाली."

मी तोंड उघडलं.

"बोलू नका. पहारा हाये तुमचा," ती म्हणाली. "मी येनार नाही. बाबानं वीना मांगतली, मले कोनीच इचारलं नव्हतं. म्हनून मीच सांगून राह्यली."

माझ्या अंगात जे उठलं ते इथे लिहिता येत नाही. मी मोजायला लागलो. वीस झाले. पन्नास झाले. तिच्या मागे समई होती, नारळाची रास होती, घंटा होती. हाताला लागेल असं सगळं जवळ होतं. आणि दोन्ही हातांत माझीच वीणा. मी रामकृष्णहरी म्हणालो, इतक्या जोरात की सासूबाईंच्या हातातली वात पडली.

उज्ज्वला दचकली. दोन पावलं मागे गेली, तिचा एक हात डोक्यावर आला, कोपर पुढे. मी तर वीणा धरून उभा होतो. मी हलूच शकत नव्हतो, हे तिला माहीत होतं. तरी तिचा हात वर गेला. किती सवयीनं गेला.

माझ्या घरात ती असा हात वर करायची का? करत असेल. मी तेव्हा फुटलेल्या वस्तूकडे पाहत असायचो.

तिनं हात खाली घेतला, पदर सारखा केला आणि वीणेला पुन्हा नमस्कार करून गेली.

पुढे किती वेळ गेला माहीत नाही. सासरे पहारा घ्यायला आले. सुजलेला खांदा पुढे करून वीणेखाली हात घातला. मी दिली नाही. म्हणाले, द्या, संपला तुमचा. मी मान हलवली. त्यांना वाटलं भक्ती जडली. ते माझ्या पाया पडायला वाकले तेव्हा मला रडू आलं.

वीणा दिली की हात मोकळे होणार होते. आणि उज्ज्वला अजून घरातच होती, देवळामागच्या गल्लीत.

उभा राहिलो. पुढचा पहाराही गेला. संध्याकाळी हरिपाठाला लोक जमले, त्यांच्यासमोर मी खाली घसरायला लागलो. राजूनं मागून काखेत हात घालून मला धरलं आणि माझी बोटं दांडीवरून एकेक करून सोडवली. एक बोट सोडवताना कट्टकन वाजलं. त्यानं मुद्दाम केलं नसावं. वीणा त्यानं छातीशी घेतली. भुईला टेकली नाही.

१० एप्रिल, गुरुवार

धनज सोडलं. काल्याला थांबलो नाही. कोणी थांब म्हटलं नाही.

बोट मोडलं आहे. बाकी हात खांद्यापर्यंत वर जात नाहीत. कारंज्याहून एसटीला बसायला जागा मिळाली. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. शेजारी एक बाई होती, आमच्या दोघांमध्ये तिचं लेकरू खिडकीबाहेर बघत उभं होतं. शेलूबाजार यायच्या आत तिनं माझ्याकडे दोनदा पाहिलं, लेकराला उचललं आणि पलीकडच्या बाजूला घेतलं.

मी तर नुसता बसलो होतो.